दिवेलागणीचं दार

नीउ-व्हेनेप,
५ डिसेंबर २०२१

जयूस,

दिनकरचा आशीर्वाद घे आणि तक्रारी ऐकायची तयारी ठेव. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की तो वरच्या मजल्यावर हरीशच्या मीटिंगमध्ये जातो. काल त्याच्या साहेबाने विचारलं म्हणे, घरी सगळं ठीक आहे ना. तेव्हा आता पत्रच. इथून ग्रोनिंगनला दोन दिवसांत पोचतं, असं अपूर्वा सूनबाई म्हणते.

मला येऊन तीन आठवडे झाले. फेब्रुवारीत परत जायचं आहे, तोवर या घराने मला वेड लावलं नाही म्हणजे मिळवली. इथे सगळा जीव गरम हवेत अडकलेला आहे. दार लावा, खिडकी लावा, दाराखाली कापडाची गुंडाळी सरकवा. टीव्हीवर सांगतात, करोना आहे, खिडक्या उघड्या ठेवा. आणि गल्लीतले सांगतात, ऊब बाहेर जाते, खिडक्या लावा. माणसाने ऐकायचं कोणाचं?

गल्लीत आमच्या बाजूला आठ घरं आणि समोर आठ, सगळी एकमेकांना चिकटून. या लोकांनी मंडळ काढलं आहे. गणपतीचं नव्हे, ऊब वाचवण्याचं. कोणाच्या घरातून ऊब कुठून गळते ते शोधायचं आणि सगळ्यांनी मिळून बंद करायचं. इथल्या भिंती दोन पदरी असतात. मधल्या पोकळीत बाहेरून भोकं पाडून बारीक मणी भरतात, की घर उबदार राहतं. सगळी गल्ली तयार झाली तर ठेकेदार येणार, नाहीतर नाही. एकेकट्याला परवडत नाही. लोक कां-कूं करत होते म्हणून आपल्या हरीशने ऑक्टोबरात स्वतःच्या भिंती आधी भरून घेतल्या. म्हणाला, माझं घर बघा आणि मग ठरवा.

परवा संध्याकाळी वीम नावाचे एक निवृत्त गृहस्थ कॅमेरा घेऊन गल्लीतून फिरले. बरोबर चारपाच माणसं. त्या कॅमेऱ्यात जिथून ऊब जाते तिथे लाल दिसतं, बाकी निळं. आणि सगळ्या गल्लीत सगळ्यांत लाल काय निघालं, तर हरीशचं पुढचं दार. अगदी भट्टी. दारावरची भिंतसुद्धा पेटलेली. तो फोटो गल्लीच्या ग्रुपवर गेला. हरीश जेवला नाही. अपूर्वा म्हणाली, ठेकेदाराने फसवलं. मला यातलं काय कळतं?

एक खरं सांगतो. दिवेलागणीला मी तुझ्या ताईचं निरांजन लावतो आणि पुढचं दार थोडा वेळ उघडतो. अपूर्वाने पहिल्याच दिवशी गोड शब्दांत सांगितलं होतं, बाबा, दार उघडं नका ठेवू. मी हो म्हणालो होतो. पण ती दोघं तेव्हा वर आपापल्या खोल्यांत कानाला यंत्र लावून बोलत असतात. त्या दिवशी ही पलटण येताना दिसली तसं मी झटकन दार लावलं. म्हणजे फोटो काढला तेव्हा दार बंदच होतं. तेव्हा माझा काही संबंध नाही, हे तुला आपलं कळावं म्हणून लिहितो.

समोर एक म्हातारी राहते, रीट नावाची. एकटी. मी दारात उभा राहिलो की पडद्याआडून टक लावून बघते. चहाडी करणार असं दिसतं.

तुझा
दिनकर भाऊजी

*

ग्रोनिंगन,
९ डिसेंबर २०२१

भाऊजींना जयूचा नमस्कार,

पत्र मिळालं. लेक सुमेधाने वाचून दाखवू का विचारलं, मी म्हटलं कान गेलेत, डोळे नाहीत.

भाऊजी, तुम्ही चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवलीत, पण स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नाहीत, त्याचं हे फळ. गॅस बंद केला म्हणून तवा लगेच गार होतो का? तुमचं दार आत उघडतं ना? मग ते उघडं असताना घरातल्या उबेत शेकत उभं असतं. तुम्ही ते लावलंत आणि तापलेली बाजू बाहेर केलीत. कॅमेऱ्याला तुमचा तवा दिसला. दाराच्या वरची भिंत तापली ती बाहेर जाणाऱ्या वाफेने. ठेकेदाराने कोणाला फसवलेलं नाही. फसवलंत तुम्ही.

आणि जे बाहेर घालवता ते कुठून येतं याचाही विचार करा. घर तापवायचा हा गॅस आमच्या पायाखालून निघतो, आणि तो काढला की जमीन हलते. सुमेधाच्या मैत्रिणीच्या आईचं घर इथून जवळच्या खेड्यात आहे. जमीन हलून हलून भिंतीला एवढे तडे गेलेत की त्यात माझं बोट जातं. मी घालून बघितलं. तुम्ही तिकडे लक्ष्मीची वाट बघा, आम्ही इकडे भिंत धरून बसतो.

आजच्या आज हरीशला सांगा. तो काही खाणार नाही तुम्हाला. उशीर केलात तर मात्र खाईल.

त्या म्हातारीपासून जपून राहा. इथले लोक तोंडावर हसतात आणि नगरपालिकेला पत्र लिहितात.

जयू

*

नीउ-व्हेनेप,
२३ डिसेंबर २०२१

जयूस,

तुझा तवा माझ्या डोक्यात बसला आहे. झोप लागत नाही.

सांगणारच होतो. पण तुझं पत्र आलं त्याच दिवशी हरीश कमरेत वाकून दाराच्या चौकटीला नवं रबर चिकटवत होता. हाताला कापलं होतं. मला म्हणाला, "बाबा, जरा टॉर्च धरा." मी टॉर्च धरली. आता टॉर्च धरून उभ्या असलेल्या माणसाने काय सांगायचं?

मग बॉयलरवाला आला. का, तर हरीशच्या फोनमध्ये दिसतं म्हणे की रोज संध्याकाळी गॅस एकदम उसळी मारतो. बॉयलरवाल्याने सगळं उघडून बघितलं आणि सांगितलं, यंत्राला काही झालेलं नाही, घरातलीच ऊब कुठेतरी जाते. हरीश त्याच्यावर चिडला. अपूर्वा हरीशवर चिडली. नात संहिता डचमध्ये काहीतरी पुटपुटली आणि तिच्यावर दोघं चिडले. मी माझ्या खोलीत जाऊन पोथी उघडून बसलो. एक ओळ वाचली नाही.

आता पुन्हा लॉकडाऊन लागला. परवा कडक थंडी पडली म्हणून वीम पुन्हा आले, या वेळी एकटेच. न सांगता आले. मला कोपऱ्यावर दिसले तसं मी दार लावलं. पुन्हा लाल. रबर लावून लाल. आता गल्लीत बोलायला लागले आहेत की भिंतीत मणी भरलेलं घर जर सगळ्यांत जास्त गळतं, तर आपण भिंतींना भोकं कशाला पाडून घ्यायची? तीन घरांनी नावं मागे घेतली. हरीशने नवीन दार मागवलं आहे. नवीन दार, जयू. आत्ताच्या दाराचं लाकूड चांगलं आहे.

आणि गंमत बघ, त्या समोरच्या रीटचं दारही आता लाल दिसतं. पहिल्या वेळी तिचं अगदी निळं होतं, कारण ती बिचारी घर तापवतच नाही. पेन्शन थोडी, घर जुनं. स्वेटरवर कोट घालून बसते. या कामाची सगळ्यांत जास्त गरज तिला आहे, असं हरीश म्हणतो. गल्ली फुटली तर तिच्या भिंती तशाच राहणार.

तू म्हणशील, मग दार उघडणं बंद करा. केलं. एक दिवस निरांजन लावलं आणि हात बांधून सोफ्यावर बसलो. ज्योत सरळ उभी होती, जरासुद्धा हलली नाही. फोटोतल्यासारखी. मला ते बघवेना. तुझ्या ताईच्या हयातीत मी कधी दिवा लावला नाही. गिरणीतून आलो की दार सताड उघडं दिसायचं आणि मी ओरडायचो, लक्ष्मी येते की डास येतात? ती म्हणायची, दोघंही येऊ देत. मे महिन्यात ती गेली. त्या दिवसांत दार बंद होतं, बाहेर पालिकेने पट्टी लावली होती. कोणी आत आलं नाही, आम्ही बाहेर गेलो नाही. तेव्हापासून मला या वेळी बंद दार चालत नाही. एवढंच आहे. हे हरीशला कसं सांगू? तो आधीच स्वतःला दोष देतो की विमान मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी उघडलं. समोरची आता पडद्याआडून नाही, दार उघडून बघते. हात वर करून दटावते. नगरपालिकेला पत्र गेलंच समज.

दिनकर

*

ग्रोनिंगन,
२९ डिसेंबर २०२१

भाऊजी, नमस्कार,

तुमचं पत्र वाचून मी आधी रडले, मग चिडले. चिडलेली आहे तोवर लिहून घेते.

तुम्हाला ताईची एक गोष्ट सांगते, जी तिने मला कोणाला सांगू नकोस म्हणून सांगितली होती. ती दार लक्ष्मीसाठी उघडत नव्हती. देवाला एवढी मानणारी ती होती कुठे? चतुर्थीला चहाबरोबर बिस्किट खायची. तुम्ही दिवेलागणीला गिरणीतून यायचात, रोज किल्ली विसरायचात, आणि पिठाने भरलेल्या हाताने ती बेल दाबत सुटायचात. एकदा बेलवर बोट ठेवलं की दार उघडेपर्यंत काढायचं नाही. तिचं डोकं उठायचं. म्हणून ती आधीच दार उघडून ठेवायची. तुम्हाला तसं सांगितलं तर तुम्ही भांडला असतात, म्हणून नाव लक्ष्मीचं. नंतर गिरणी बंद झाली, तुम्ही घरीच बसायला लागलात, तरी उघडत राहिली. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, सवय झाली, बंद ठेवलं की हे अजून यायचे आहेत असं वाटतं.

तेव्हा तुम्ही तिकडे परदेशात कोणाचं दार तापवत बसला आहात ते बघा. ताई असती तर तिने काय केलं असतं? एका म्हातारीला थंडीत कुडकुडत ठेवून दिवा लावला असता? तिने तुमच्या कानाला धरून हरीशसमोर उभं केलं असतं.

माझे हात इथून पोचत नाहीत. स्वतःच कान धरा.

जयू

*

नीउ-व्हेनेप,
२४ जानेवारी २०२२

जयूस,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. चाळीस वर्षांची गोष्ट तू मला आता सांगतेस, तीही किल्लीची. किल्ली मी रोज विसरत नव्हतो. आठवड्यातून दोनतीनदा विसरत असेन. असो.

शनिवारी गल्लीची बैठक झाली. लॉकडाऊन सैल झाला असला तरी घरात जमायचं नाही, म्हणून सगळे आपल्याच घरापुढे रस्त्यावर लांब लांब उभे राहिले. कोणी थर्मासमधून कॉफी आणली होती. वीम कॅमेरा गळ्यात अडकवून. हरीश हातात नव्या दाराचा कागद घेऊन समजावत होता, आणि मी खिडकीतून त्याचं तोंड बघत होतो. लहानपणी गणितात नापास झाला की असाच उभा राहायचा. टोकाच्या घरातली उंच बाई काहीतरी बोलली आणि दोघंतिघं मान हलवून निघायला लागले. अपूर्वा माझ्या शेजारी उभी होती. मी विचारलं, काय म्हणाली? अपूर्वा म्हणाली, "म्हणते, दार बदलून झालं की छप्पर बदलाल, आमचा वेळ घेऊ नका."

अंधारत आलं होतं. मी खिडकीपासून वळलो, निरांजन लावलं. पॅसेजचं आतलं दार उघडलं आणि मग बाहेरचं सताड उघडलं.

हरीश वळून म्हणाला, "बाबा, दार लावा. आत्ता नको, प्लीज."

मी म्हटलं, "रोज याच वेळी उघडतो. आल्यापासून. त्यांना सांग."

"रोज?"

"फक्त एक दिवस नाही उघडलं. तो हिशेबात धरू नकोस."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हा फोडणार. मागून अपूर्वा म्हणाली, "हरीश, संध्याकाळचा गॅस." एवढंच. दोघंही अभियंते आहेत, पुढचं बोलायला लागलं नाही. हरीश रस्त्याच्या कडेला खाली बसला.

वीमना मी हाताने खूण केली, थांबा. मला डच येत नाही, इंग्रजी येतं ते गिरणीच्या मोटरवर लिहिलेलं तेवढंच. थोडा वेळ दार तसंच ठेवलं, मग लावलं आणि दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी कॅमेरा धरला. लाल. सगळे वाकून बघायला लागले. अंतर वगैरे विसरले.

तेवढ्यात कोणीतरी पाठीमागे बघितलं. समोर रीटचं दार उघडं होतं. करोनाच्या भीतीने ती बैठकीला आली नव्हती. पण या वेळेला कोट घालून, केस विंचरून दारात उभी होती. एवढी गर्दी बघून गोंधळली. तरी तिने माझ्या बाजूला हात वर केला. रोज करते तसा.

वीम तिच्याकडे गेले. लांबूनच काहीतरी विचारलं. ती बोलत राहिली, बराच वेळ. हरीश ऐकत होता, त्याने नंतर मला सांगितलं. ती म्हणाली, समोरचे गृहस्थ रोज अंधार पडताना दार उघडून उभे राहतात. आधी मला वाटलं, करोनाच्या पहिल्या वर्षी आपण नर्सेससाठी दारात येऊन टाळ्या वाजवायचो, तसलं त्यांच्याकडचं काही असेल. खिडकीतून नुसतं बघत बसणं मला बरं दिसेना, म्हणून मीही दार उघडायला लागले. माझ्याकडे दुसरं कोणी येत नाही. त्यासाठी मी संध्याकाळी तेवढं घर तापवते, दारात उभं राहायचं तर पाय गार पडून चालत नाही.

म्हणजे जयू, ती दटावत नव्हती. आणि मी इतके दिवस तिच्या हाताला उत्तर म्हणून दार आपटत होतो.

मी हात वर केला. दुसरं काय करणार?

उंच बाई हसायला लागली, मग सगळेच. हरीश हसला नाही. रात्री जेवताना मी त्याला ती पट्टी लावलेल्या दाराची गोष्ट सांगितली, तुला लिहिली तेवढीच. तो उठून बेसिनपाशी जाऊन भांडी घासत बसला, मशीन असताना. अपूर्वा म्हणाली, "बाबा, दिवा पॅसेजमध्ये ठेवा. आतलं दार आधी लावायचं, मग बाहेरचं उघडायचं. घर गार होणार नाही. हे मला पहिल्या दिवशी विचारलं असतंत तर?"

मी म्हटलं, पॅसेजमध्ये चपलांचं कपाट आहे, चपलांवर निरांजन ठेवू?

ती म्हणाली, "चपला हलवू. तुम्ही हलू नका म्हणजे झालं."

गल्ली तयार झाली. सगळी नावं परत आली. नवीन दार मात्र परत जात नाही, ते येणारच. कान तुझ्या सांगण्यावरून धरले असं समजू नकोस.

दिनकर

*

ग्रोनिंगन,
३० जानेवारी २०२२

भाऊजी,

पत्र दोनदा वाचलं. सुमेधाला वाचून दाखवलं, ती हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. मी तुम्हाला म्हातारीपासून जपून राहा म्हणाले होते, ते परत घेते. पत्र वगैरे लिहिणारी ती नाहीच. लिहिणारे आपणच.

जायच्या आधी तिला डब्यात काहीतरी गोड द्या. तिखट नको, नाहीतर खरंच तक्रार करेल.

जयू

*

पुणे,
६ एप्रिल २०२२

जयूस,

सुखरूप पोचल्याला आता दीड महिना झाला. लिहीन लिहीन म्हणत राहिलो. घरात सगळीकडे धूळ होती, गीझर बिघडला होता, आणि खालच्या मजल्यावरचे लोक माझ्या जागेवर गाडी लावायला लागले आहेत. कोणाकोणाशी भांडू?

गल्लीतलं काम मार्चमध्ये पार पडलं. रीटच्या भिंतीत मणी भरले. वीमनी पुन्हा फोटो काढले, आता दोन्ही बाजू निळ्याशार आहेत. हरीशने मला फोटो पाठवला. ठेकेदाराचा नंबर आता तोच सगळ्यांना देतो, जसं काही मधे घडलंच नाही.

पण काल त्याचा फोन आला तो वैतागलेला. म्हणाला, "बाबा, तुम्ही गेलात आणि आमच्या मागे काम लावून गेलात." मी घाबरलो, म्हटलं नव्या दाराचं काही झालं का. तर म्हणे, रीट अजून दार उघडते. घर गरम झालं, आता तिला गरज नाही, तरी अंधार पडला की बाहेर येऊन उभी राहते. समोर आपलं दार बंद दिसलं की आत जात नाही, तशीच थांबते. मग यांच्यापैकी एकाला मीटिंग सोडून खाली यावं लागतं, आतलं दार लावावं लागतं, बाहेरचं उघडावं लागतं आणि हात वर करावा लागतो. अपूर्वाने दोघांच्या ऑफिसच्या कॅलेंडरात रोज तेवढी जागा राखून ठेवली आहे. आता तिथे दिवस लांबायला लागले, दिवेलागण पुढे पुढे सरकते, तसं ते राखलेलंही सरकवावं लागतं. हरीशच्या साहेबाने विचारलं, ही रोज कसली मीटिंग आहे?

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"शेजारणीशी आहे म्हणून सांगितलं," म्हणाला. मग म्हणाला, "आणि बाबा, अपूर्वा निरांजनही लावते. ते तुम्ही विसरून गेलात."

विसरलो नव्हतो. पण तसं त्याला म्हटलं नाही.

इथे मी समईवर भागवतो. आत्ताही लावली आहे आणि दार उघडून उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून हे लिहितो आहे. किल्ली दोरीने गळ्यात बांधली आहे, हे तुझ्या माहितीसाठी. या दारातून आता कोणी येणार नाही, हे मला कळतं. शेजारचा मघाशी जाताना म्हणाला, "काका, दार लावा, डास येतात."

मी म्हटलं, येऊ देत.

दिनकर